मागून आणायची रीत

मागून आणण्यात कमीपणा असतो, असं हल्ली बहुतेकांना वाटायला लागलंय. मला ते मुळीच पटत नाही. विरजण, शिडी, बारशाचा पाळणा, पाहुण्यांसाठी जादा चादरी, आणि पुस्तक तर सगळ्यात आधी. या वस्तू शेजारून नाहीतर नात्यातून मागून आणाव्यात, मनापासून वापराव्यात आणि वेळेवर परत कराव्यात, असं माझं ठाम मत आहे. पैसे नसतील तरच मागावं असंही नाही. विकत घ्यायची ऐपत असलेल्यानंसुद्धा मागावं. मी आयुष्यभर नोकरी केली ती सोलापुरातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेव टेबलावर. दिवसभर लोकांना वस्तू उसनी द्यायची आणि ती परत घ्यायची, हेच माझं काम होतं. त्यामुळे या विषयावर माझं म्हणणं जरा लांबतं.

माझं माहेर सोलापूरच्या पूर्वभागातलं. गल्लीत निम्म्याहून जास्त घरं तेलुगू बोलणारी, विणकाम करणारी. त्यांच्यात मिसळून कानडी, मराठी आणि कोपऱ्यावर दोन-तीन उर्दू बोलणारी घरं. यंत्रमागांचा खडखडाट इतका सवयीचा, की वीज गेली आणि तो थांबला की तान्ही मुलं दचकून उठायची. वडील मिलमध्ये होते, पगार महिन्याचा महिन्याला. महिनाअखेरीला वाटी घेऊन शेजारी जाणं हे सगळ्याच घरांत चालायचं, त्यामुळे कुणी कुणाकडे वेगळ्या नजरेनं बघायचं नाही.

पण त्या मागण्याला शिस्त होती. साखर किंवा पीठ आणलं तर आणताना वाटी काठोकाठ सपाट, परत करताना शीग लावून. आई माझ्या हातात वाटी द्यायच्या आधी वरून आणखी एक चिमूट टाकायची. कुणाकडून भाजी, पुरणपोळी, काही शिजवलेलं आलं, तर ते भांडं रिकामं परत जात नसे. घरात काहीच नसलं तर निदान मूठभर शेंगदाणे, एखादा लिंबू. तिन्हीसांजेला मीठ किंवा दही मागायचं नाही, मागितलं तरी कुणी देत नसे. कारण विचारलं तर लक्ष्मी जाते म्हणायच्या. मला त्यातलं खरंखोटं करायचं नाही. पण त्यामुळे बायकांना संध्याकाळच्या स्वयंपाकाचा विचार दुपारीच करायची सवय लागली होती हे नक्की. विरजण तर मागितल्याशिवाय मिळतच नाही. ज्या घरात दही संपलं त्या घराला दुसऱ्या घरात जावंच लागतं. आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांचं दही कधी ना कधी एकमेकांच्या विरजणातून लागलेलं होतं.

सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या, म्हणजे यात्रेच्या, दिवसांत तर मागण्याला ऊत यायचा. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास यात्रा. पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम, मग शोभेचं दारूकाम. खेड्यातून मावश्या, आत्या, त्यांची पोरं आणि कधीकधी त्यांच्या शेजारणीसुद्धा उतरायच्या. थंडी कडाक्याची. एवढ्या माणसांना पुरतील इतक्या चादरी एका घरात असणार कुठून? सोलापुरात राहून चादर कमी पडते म्हणणं विचित्र वाटेल, पण चादरी विणणाऱ्या घरातसुद्धा अंगावर घ्यायला मोजक्याच असायच्या. बाकीचा माल बाजारात जायचा. मग भोगीच्या आदल्या दिवशी गल्लीत चादरींची फिरवाफिरव सुरू व्हायची. ओळखायला सोपं जावं म्हणून आई प्रत्येक चादरीच्या कोपऱ्याला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे दोन टाके घालायची. लाल दोरा आमचा, हिरवा समोरच्यांचा. आमच्या चुलतभावाला नंदीध्वजाच्या मिरवणुकीत जायला पांढरी बाराबंदीसुद्धा शेजारच्या कानडी घरातून यायची. यात्रा झाली की ती धुऊन, नीळ देऊन, इस्त्री करून परत. न धुता दिलेली वस्तू परत केली असं आमच्याकडे धरतच नसत.

आता पुस्तकाकडे येते, कारण माझं वाचन सुरू झालं तेच मागण्यातून.

आमच्या शेजारी एक अक्का राहायच्या. विड्या वळायच्या. सकाळची कामं उरकली की दाराशी पोतं अंथरून बसायच्या, मांडीवर सूप. रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं एकेक काढायची, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायची, बोटांच्या चिमटीत तंबाखू, एक वळसा, दोऱ्याचे वेढे, टोक मुडपून विडी सुपात. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. नजर सुपाकडे नसायचीच. हात आपोआप चालायचे आणि तोंडानं त्या गोष्ट सांगायच्या. रविवारी पाहिलेल्या तेलुगू सिनेमाची गोष्ट, गाण्यांसकट, मारामारीसकट. मध्येच ‘हिरोची आई मरते की वो’ म्हणून स्वतःच डोळे पुसायच्या, आणि हात तरी चालूच.

मी पाचवी-सहावीत असेन. मोठ्या बहिणीच्या नावावर वाचनालयातून आणलेलं पुस्तक घेऊन त्यांच्या उंबऱ्याशी बसले होते. अक्का म्हणाल्या, “मनातल्या मनात काय वाचलालीस गं, मोठ्यानं वाच की.” त्यांना मराठी बोलायला यायचं, वाचायला नाही. मी मोठ्यानं वाचायला लागले. एखादं वाक्य आवडलं की त्या “पुन्हा” म्हणायच्या. एखादं पात्र खोटं वाटलं की “अशी कुठली सासू असते गं” म्हणून लेखकाला मोडीत काढायच्या. लांबलचक निसर्गवर्णन आलं की “हे ऱ्हाऊ दे, पुढं काय झालं ते वाच” म्हणायच्या. हळूहळू आसपासच्या आणखी दोघी-तिघी आपापली सुपं घेऊन तिथं येऊन बसायला लागल्या. पुस्तक आठवड्यानं परत करायचं असायचं, त्यामुळे वाचायला खंड पडून चालायचं नाही. एकदा तापानं मी झोपून होते, तर अक्का घरी येऊन आईला विचारून गेल्या, की पोरगी बरी व्हायच्या आत पुस्तकाची तारीख संपत नाही ना?

त्या पुस्तकांवर मालकी कुणाचीच नव्हती. वाचनालयाची पुस्तकं, बहिणीचं कार्ड, माझा आवाज, अक्कांचा उंबरा. तरी त्या बायकांइतकं बारीक लक्ष देऊन ऐकणारे वाचक मी पुढे वाचनालयाच्या टेबलावरही फार थोडे पाहिले. माझ्या ओळखीत काचेच्या कपाटांत पुस्तकं लावून ठेवलेली मोठी घरं आहेत. पुस्तकं नवीकोरी, काही तर प्लॅस्टिकसकट. विकत घेतलेलं पुस्तक कधीही वाचता येतं म्हणून ते राहतं. मागून आणलेल्या पुस्तकाला तारीख असते. शिवाय देणारा भेटल्यावर विचारणार असतो, कसं वाटलं? या एका प्रश्नानं सोलापुरातल्या कितीतरी माणसांना शेवटच्या पानापर्यंत नेलंय.

त्या गल्लीचं सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. काही घरांत कोरडं चालायचं, शिजलेलं चालायचं नाही. पीठ घेतील, भाकरी घेणार नाहीत. आमच्याच नात्यातल्या एक बाई अक्कांकडून आलेली शेंगापोळी गड्याला देऊन टाकायच्या आणि वाटी घासून, वर शेंगदाणे घालून, हसतमुखानं परत करायच्या. रीत पाळली, माणूस नाकारलं. हे वाईट होतं. तेव्हाही वाईट होतं आणि आज त्याला ‘जुनी माणसं, जाऊ दे’ म्हणून सोडून देणंही वाईटच. वाचनालयात निदान हे चालत नव्हतं. तेच पुस्तक आज एका पेठेत, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या, आधी कुणाच्या हातात होतं ते कुणी विचारायचं नाही, आणि हळदीचं बोट उमटलेलं पान सगळ्यांच्या वाट्याला यायचं. मला वाचनालयाचा अभिमान वाटतो तो मुख्यतः यासाठी.

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि अ, ब, क, ड अशा वर्गवारीनं वाचनालयांना सरकारी अनुदान मिळायला लागलं. अनुदान कमी पडतं, उशिरा येतं, आणि तेवढ्यात पगार, वीज, नवी पुस्तकं सगळं बसवायचं असतं, हे त्या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. तरीही महिन्याला किरकोळ वर्गणी आणि थोडी अनामत भरून कुणालाही पुस्तक घरी नेता येतं. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला पहिलाच, पुस्तकं वापरण्यासाठी असतात. परीक्षेसाठी पाठ केला तेव्हा हा मला फारच साधा वाटला होता. टेबलावर बसल्यावर त्याची किंमत कळली. पुस्तक वापरलं की ते मळतं, शिलाई सुटते, पाठ वाकते. तसं पुस्तक परत आलं की मला समाधान वाटायचं. कोपरे दुमडणारे, थुंकी लावून पान उलटणारे, मासिकातली पाककृती ब्लेडनं कापून घेणारे, हे लोक वेगळे. त्यांना मी तोंडावर बोलायची.

पुस्तकात काय काय राहून यायचं! एसटीचं तिकीट, राखी, औषधाची चिठ्ठी, लाइटबिल, एकदा तर पत्रिका जुळवायला दिलेली मुलीची जन्मवेळ. मी ते सगळं पाकिटात घालून सभासदाच्या नावानं ठेवायची. समासातल्या पेन्सिलीच्या खुणांवर मात्र आमच्यात मतभेद होते. माझ्या सहकाऱ्यांना त्या खोडून टाकायच्या असायच्या. माझं म्हणणं, दुसऱ्याच्या पुस्तकात खूण करूच नये. स्वतःच्या पुस्तकात हवं ते करा. पण झालेली खूण खोडायला बसलं तर कागद फाटतो, तेव्हा राहू द्यावी.

आता एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगते. व्हॉट्सॲपवर मराठी पुस्तकांच्या पीडीएफ पाठवणं म्हणजे उसनं देणं नव्हे. ‘काकू, तुम्हीच तर म्हणता पुस्तकं फिरली पाहिजेत’ असं म्हणत मलाच लोक पाठवतात. नाही. मी तुम्हाला माझं पुस्तक देते तेव्हा तेवढे दिवस ते माझ्याकडे नसतं. मला लागलं तर मला थांबावं लागतं. देणाऱ्यानं थोडं सोडलेलं असतं, आणि म्हणून घेणाऱ्यावर ते जपायची जबाबदारी येते. पीडीएफ पाठवणारा काहीच सोडत नाही. सोडतो तो लेखक आणि प्रकाशक, तेही त्यांना न विचारता. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुतेक वेळा हजार प्रतींची, कधी त्याहूनही कमी. त्यातल्या बऱ्याच प्रती वाचनालयं घेतात म्हणून ती खपते. ती एक प्रत शंभर जणांनी वाचावी, अगदी चिंध्या होईपर्यंत वाचावी, त्यात कुणाचं नुकसान नाही. पण कॅमेऱ्यानं पानं टिपून हजारो फोनांत टाकणं ही चोरी आहे, आणि ती करणाऱ्यात सुशिक्षित, निवृत्त, सकाळी सुविचार पाठवणारी माणसं जास्त आहेत याचं मला वाईट वाटतं. ज्यांच्या लेखकांचे कॉपीराइट संपलेत ती जुनी पुस्तकं खुशाल पाठवा. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे हक्क संपतो. तशी पुस्तकंही चिक्कार आहेत.

सिनेमा आणि मालिकांचंही मला असंच वाटतं. १९८७ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण लागायचं तेव्हा आमच्या गल्लीत मोजून दोन टीव्ही. ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांनी कधी दार लावून घेतलं नाही. बाहेर चपलांचा ढीग, आत माणसावर माणूस. आपल्या घरात दर रविवारी पन्नास माणसं येणं हे सोपं नसतं. त्या घरातल्या वहिनींनी रविवारची आंघोळपांघोळ, स्वयंपाक सगळं पहाटे उरकायचं ठरवून टाकलं होतं. आम्हीही शिकलो होतो. जागा मागायची नाही, मिळेल तिथं बसायचं. मालिका संपली की लगेच उठायचं, चहाची वाट बघत रेंगाळायचं नाही. आठवड्यातून एकदा कुणीतरी त्यांच्या अंगणात पाण्याच्या दोन घागरी आणून ठेवायचं. पुढं व्हीसीआर भाड्यानं आणून रात्रभर सिनेमे बघायची लाट आली, तेव्हा वर्गणी काढायचे. ती लाट मला फारशी आवडली नाही, कारण झोपेच्या नादात कुणीच धड बघायचं नाही.

आता एकाच घरात चार माणसं चार फोनांवर चार गोष्टी बघतात. कानात बोंडं. मला त्या मालिकांबद्दल तक्रार नाही. उलट आताचं मराठी लेखन आणि अभिनय कितीतरी बरा आहे. करमाळ्याकडची बोली पडद्यावर ऐकली तेव्हा आमच्या जिल्ह्यातल्या पोरांना आपल्या बोलण्याची लाज वाटायची थांबली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वाचनालयात येणारी कॉलेजची मुलं ‘काय बे’ मोकळेपणानं म्हणायला लागली. माझी तक्रार एवढीच की चौघांनी वेगवेगळं पाहिलं की जेवताना बोलायला काही उरत नाही. आमच्या घरी मी नियम केलाय, शनिवारी रात्री एकच सिनेमा, सगळ्यांनी मिळून, निवड पाळीपाळीनं. नातवाच्या पाळीला मी भुतांचे सिनेमे बघितलेत. माझ्या पाळीला तो जुने काळेपांढरे बघतो, कुरकुर करत, पण उठत नाही.

माझी मुलगी पुण्यात असते. तिच्याशी या विषयावर माझे खटके उडतात. अकराव्या मजल्यावर राहते, समोरच्या दारावरची पाटी सोडली तर तिला त्या घराची काही माहिती नाही. मागे मी तिच्याकडे होते, रात्री दुधाला विरजण नव्हतं. म्हटलं, समोर मागते. तर तिचा चेहरा असा झाला, जणू मी भीक मागायला निघालेय. “आई, कशाला त्यांना त्रास? सकाळी ॲपवर दहीच मागवते.” मी गेलेच नाही, तिच्या घरात तिचं चालावं म्हणून. पण नंतर बोललो आम्ही.

तिचं म्हणणंही खोटं नाही. ती म्हणाली, तुमच्या त्या मागण्यात चौकशा किती असायच्या! साखर मागायला आलेली बाई स्वयंपाकघरात डोकावणार, कोण आलंय, का आलंय, मुलगी बघायला आलेत का, एवढं विचारून जाणार. ज्याच्याकडे कायमच नसायचं त्याला मान खाली घालावी लागायची. आणि मागायला नेहमी बायकांनाच पाठवायचे. पुरुष कधी वाटी घेऊन गेलेत का? हे तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत. तिसरा तर अगदीच. माझ्या वडिलांनी शेजारून शिडी आणली असेल, हातोडी आणली असेल, पीठ कधीच नाही. पीठ संपल्याची लाज आईनं एकटीनं घेतली.

पण यावर उपाय मागणं बंद करणं हा नाही. चौकशा बंद कराव्यात. कुणी काही मागायला आलं की वस्तू द्यावी, कारण विचारू नये. हे मी फार कडकपणे पाळते. आणि मुलाला, नवऱ्याला, नातवाला वाटी घेऊन पाठवावं. माझा नातू हल्ली खालच्या मजल्यावर कढीपत्ता मागायला जातो आणि तिथल्या आजोबांशी बुद्धिबळाचा डाव टाकून येतो. कढीपत्ता कधीकधी फोडणी होऊन गेल्यावर मिळतो, पण चालतं.

मागायला गेल्यावर आधी दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलून मग ‘बरं का, जरा…’ करणं मला आवडत नाही. समोरच्याला कळलेलंच असतं. दारातच सरळ सांगावं, अमुक हवं होतं, तमुक दिवशी आणून देते. दिवस आपणहून सांगावा. तो चुकणार असेल तर त्याआधी जाऊन सांगावं. वस्तू बिघडली तर लपवू नये, दुरुस्त करून किंवा नवी आणून द्यावी. आणि मागून आणलेली वस्तू तिसऱ्याला देऊ नये, पुस्तक तर नाहीच नाही. ‘तुमचं पुस्तक ना, माझ्या वहिनीनं नेलंय, फार आवडलं तिला’ हे वाक्य किती गोड आवाजात म्हणतात लोक! वहिनीला आवडलं याचा मला आनंद आहे. तिनं माझ्याकडे यावं, मी तिला आणखी देईन.

देणाऱ्यालाही नाही म्हणता आलं पाहिजे. आमच्या आईचं एक चांगलं होतं. नसेल द्यायचं तर ती खोटं कारण सांगायची नाही. “हे मी देत नाही हो,” एवढंच म्हणायची, आणि लगेच दुसरं काही लागलं तर विचारायची. लग्नात मिळालेली तिची मोहनमाळ तिनं कुणाला दिली नाही. नारायणपेठी साडी मात्र मागेल तिला दिली. मला बघायला आले तेव्हा मी नेसलेली साडीसुद्धा समोरच्या काकूंची होती. लग्न ठरल्यावर सासूबाईंनी त्याच साडीचं कौतुक केलं, तेव्हा आईनं हसत सांगून टाकलं, “ती शेजारची आहे, आमच्याकडची उद्या दाखवते.” सासूबाईंनाही काही वाटलं नाही. त्यांच्या घरची खुर्ची-टेबलंसुद्धा त्या दिवसापुरती कुणाकडून तरी आली होती.

पैशांचं मी यात धरत नाही. पैसे उसने देताना लिहून घ्यावं, नात्यात तर नक्कीच. त्यावर एवढंच.

पुस्तक परत करताना मात्र एक गोष्ट करावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. दोन वाक्यं बोला. आवडलं असं नुसतं नको. कुठं आवडलं, कुठं कंटाळा आला, कुठल्या माणसाचा राग आला. माझ्याकडून पुस्तक नेलेल्या एका रिक्षावाल्या दादांनी परत करताना सांगितलं होतं, “यातला बाप चुकीचा नाय मॅडम, त्याला बोलता येत नव्हतं.” ते पुस्तक मी पूर्वी दोनदा वाचलं होतं आणि त्या बापाला दोन्ही वेळा मनातून शिव्या दिल्या होत्या. मी ते घरी नेऊन परत वाचायला घेतलं. वाचनालयात सभासद घाईत असत, मागं रांग असे, तरी मी शिक्का मारताना ‘कसं होतं?’ विचारल्याशिवाय पुढचं पुस्तक दिलं नाही. काही जणांना हा त्रास वाटायचा. काही जण त्यासाठीच माझ्या टेबलाशी येत.

निवृत्त झाल्यावर आता जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीत मी एक खटाटोप मांडलाय. दिवाळी अंकांचा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत दिवाळी आणि अंक यांची जोडी आहे. वाचनालयात दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते, तीन-चार महिन्यांत जमतील तेवढे अंक फिरवून वाचायचे. आमच्याकडचे ज्येष्ठ मंडळी आता पार नव्या पेठेतल्या वाचनालयापर्यंत जाऊ शकत नाहीत. म्हणून ठरवलंय, प्रत्येक घरानं वेगळे दोन अंक विकत घ्यायचे आणि दर रविवारी सकाळी एका मजल्यानं वरच्या मजल्याला द्यायचे. सगळ्यात वरच्या मजल्याचे अंक तळमजल्याला. अंकाच्या मागच्या बाजूला कागद चिकटवायचा, त्यावर वाचलं त्याचं नाव आणि काय वाचावं, काय सोडावं याची एक ओळ.

सध्या वाद चाललाय तो अंक निवडण्यावर. तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकांना भविष्य असलेला अंक हवाच आहे, पहिल्या मजल्यावरच्या पद्मा अक्कांना पाककृतींचा, आणि त्यांच्या नातीला भयकथांचा. मला कथा-कवितांचे जास्त हवेत. विनोदी अंक कुणी घ्यायचा यावर दोन घरांचं जमत नाही, दोघांनाही तोच घ्यायचाय. मी सुचवलंय, दोघांनी मिळून एक घ्या आणि उरलेल्या पैशांत मुलांचा एखादा अंक आणा, कारण या यादीत लहान मुलांचं अजून कुणी काहीच धरलेलं नाही. पद्मा अक्कांची सून म्हणाली आहे, अंक जमले की रविवारी दुपारी पार्किंगमध्ये बसून मोठ्यानं वाचू, सासूबाईंना मराठी वाचायला जड जातं. वाचणाऱ्यांच्या यादीत मी माझं नाव पहिलं लिहिलंय. दुसरं नाव नातवाचं, त्याला अजून सांगायचंय.